ओनेग : इच्छेच्याही मागे असलेले सुख

उंबरठा

यहुदी गूढवादाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा दहा सफिरोत (देव ज्या दहा रूपांनी प्रकट होतो ती), अक्षरांची गणिते आणि भंगलेली पात्रे यांच्याभोवती फिरते. या साऱ्याच्या तळाशी असलेली एक गोष्ट मात्र बाजूला राहते. ती ऐकायला सोपी असली तरी पचायला अवघड आहे. या परंपरेच्या मते जीव तगतो तो सुखावर, आणि सुख हे चांगल्या वागण्याचे शेवटी मिळणारे बक्षीस नसून, ज्याच्यामुळे मुळात हालचाल सुरू होते ते पहिले कारण आहे. हा धागा त्याविषयी आहे.

सुरुवात 'सेफेर येत्सिरा'पासून करतो. हिब्रूच्या बावीस अक्षरांपासून जग कसे घडले हे सांगणारा हा ग्रंथ जेमतेम काही पानांचा आहे, आणि तो कोणत्या शतकात रचला गेला याविषयी अभ्यासकांत अजून वाद आहेत. अक्षरे कशी फिरवली की काय होते याचे विवेचन चालू असताना त्यात एक वाक्य येते, त्याचा आशय असा : चांगल्यात 'ओनेग'हून वरचे काही नाही आणि वाइटात 'नेगा'हून खालचे काही नाही. ओनेग म्हणजे सुख, आस्वाद. नेगा म्हणजे अंगावर उठणारा चट्टा, व्याधी, आघात. दोन्ही शब्दांची अक्षरे तीच आहेत : आयिन, नून आणि गिमेल. पहिल्यात आयिन डोक्याशी आहे, दुसऱ्यात ते शेपटाशी गेले आहे. म्हणजे सुख आणि व्याधी ही दोन वेगवेगळ्या मालांची बनलेली नाहीत. माल एकच आहे, मांडणी फिरली आहे.

या वाक्यावर पुढच्या पिढ्यांनी बरेच काही रचले. आयिन या अक्षराच्या नावाचा अर्थ 'डोळा' असा होतो. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात चट्ट्यांची तपासणी याजकाने कशी करावी याचे नियम आहेत आणि तेथे 'चट्ट्याने आपला आयिन पालटला नाही' अशी शब्दरचना येते. साधा अर्थ 'त्याचा रंग बदलला नाही' एवढाच आहे. हसिदी, म्हणजे अठराव्या शतकात पूर्व युरोपात सुरू झालेल्या यहुदी भक्तिचळवळीतील, प्रवचनकारांनी मात्र ती अक्षरशः वाचली : व्याधीने आपले आयिन जागचे हलवले नाही, म्हणून ती व्याधीच राहिली; हलवले असते तर तीच ओनेग झाली असती. कोटी म्हणून हे वाचून सोडून देता येते. पण ज्या परंपरेत जग अक्षरांनी घडले आहे, तेथे कोटी ही भाषेची गंमत न राहता जगाच्या रचनेविषयीचे विधान होते.

शब्दाविषयी एक खुलासा करतो. ओनेगसाठी 'आनंद' हा शब्द मी मुद्दाम टाळत आहे, कारण आपल्याकडे तो फार उंचावरचा झाला आहे. या धातूत मऊपणा आणि नाजूकपणा यांचा अर्थ आहे. बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात लाडाकोडात वाढलेल्या, पाऊल जमिनीवर न टेकवणाऱ्या स्त्रीसाठी याच धातूतला शब्द येतो. त्यामुळे ओनेग म्हणजे सुखावणे, चवीने घेणे, जीव रमणे.

आणि ओनेगचा पहिला मुक्काम शब्बाथ आहे, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. यशया 58:13 मध्ये शब्बाथाला 'ओनेग' म्हणावे असे सांगितले आहे. तालमुद या यहुदी कायदा आणि चर्चा यांच्या प्राचीन संग्रहातले विद्वान लगेच विचारतात की हा ओनेग करायचा तरी कशाने, आणि राव यहुदा आपल्या गुरूच्या नावाने उत्तर देतो : बीटच्या पाल्याचे कालवण, मोठे मासे आणि लसणाचे गड्डे. मला हे उत्तर फार आवडते. सृष्टीच्या मुळाशी पोहोचणाऱ्या शब्दाची व्याख्या स्वयंपाकघरात झाली आहे.

झोहर हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमधील कास्तिल प्रांतात पुढे आला. परंपरा तो शिमोन बार योहाय यांचा मानते, तर बहुतेक अभ्यासक त्यातील मोठा भाग मोशे दे लेओन आणि त्यांच्या वर्तुळाचा मानतात. झोहर शब्बाथाची दिशाच उलटी करतो. वाळवंटात मान्ना हे आकाशातून येणारे अन्न सहा दिवस पडे आणि सातव्या दिवशी पडत नसे. मग सातव्या दिवशी आशीर्वाद कोठे आला, असा प्रश्न तो विचारतो आणि उत्तर देतो की सहाही दिवसांना पुरणारा आशीर्वाद सातव्यातूनच निघतो. म्हणजे शब्बाथ ही आठवडाभराच्या श्रमांनंतरची विश्रांती नव्हे. आठवडाभर पुरणारे पाणी ज्या झऱ्यातून येते तो झरा आहे. एदेनातून नदी निघून बागेला पाणी देत होती, या उत्पत्ती 2:10 मधील वाक्यातील एदेन, नाहार (नदी) आणि गान (बाग) या तीन शब्दांची आद्याक्षरे जुळवली की पुन्हा आयिन, नून, गिमेल मिळतात. ओनेग हा प्रवाह आहे आणि त्याला वरून खाली दिशा आहे.


तर्ककर्कश

लेख आवडला, पण 'सुख हे पहिले कारण' या विधानाचा आधार आपण अजून दिलेला नाही. अक्षरांच्या फेरफारावरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही. देवाने जग निर्माण केले ते त्याच्या इच्छेने, असे बहुतेक एकेश्वरवादी म्हणतील आणि त्यांच्या दृष्टीने इच्छा हेच पहिले कारण आहे. सुख इच्छेच्या मागे कसे गेले?


उंबरठा

प्रश्न मर्मावर आहे. याचे सर्वांत रेखीव उत्तर हसिदी चळवळीच्या हबाद शाखेत मिळते. ही शाखा ल्यादीचे श्नेउर झाल्मन (1745–1812) यांनी उभी केली; त्यांचा 'तान्या' हा ग्रंथ 1796 मध्ये प्रथम छापला गेला. दहा सफिरोतच्या माथ्यावर 'केतेर' म्हणजे मुकुट आहे. मुकुट डोक्यावर असतो, डोक्यात नसतो. म्हणून केतेर बुद्धीच्या वर आहे. या केतेरचे हबाद विचारात दोन पदर आहेत. बाहेरचा पदर 'रात्सोन', म्हणजे इच्छा. आतला पदर 'तआनुग', म्हणजे सुख. हा शब्दही ओनेगच्याच धातूतला. दानीएलच्या पुस्तकातील 'पुराणपुरुष' या प्रतिमेवरून आतल्या पदराला 'अतीक' असेही नाव आहे.

युक्तिवाद माणसाच्या अनुभवावरून सुरू होतो. माणूस एखादी गोष्ट का इच्छितो? कारण तिच्यात त्याला कोठेतरी सुख आहे, मग ते त्याला ठाऊक असो वा नसो. इच्छा म्हणजे सुखाकडे वळलेले तोंड. इच्छा हुकूम सोडते, अवयव तो पाळतात. पण हुकूम सुटण्याआधी आत काहीतरी सुखावलेले असते. बुद्धीला मेंदू आहे, दृष्टीला डोळा आहे. सुखाला मात्र स्वतःचा असा अवयव नाही, आणि म्हणूनच ते कोणत्याही अवयवात उतरू शकते. ते आत्म्याच्या इतके जवळ आहे की त्याला वेगळे घर लागत नाही.

मग देवाला जग निर्माण करून कोणते सुख? मिद्राशात, म्हणजे बायबलवरील जुन्या यहुदी टीका-कथांत, सांगितले आहे की खालच्या जगात आपल्याला घर असावे अशी देवाला ओढ लागली. ही ओढ का लागली, या प्रश्नावर श्नेउर झाल्मन यांचे म्हणून यिद्दिश या पूर्व युरोपातील यहुदींच्या भाषेतले एक वाक्य हबाद परंपरेत सांगितले जाते : ओढीला प्रश्न विचारता येत नाही. आपल्याकडे हौसेला मोल नसते असे म्हणतात, त्याच्याच जवळपासचे हे आहे.


रसना

येथे हिब्रूतील आणखी एका शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. 'ताआम' या एकाच शब्दाचा अर्थ 'चव' असाही होतो आणि 'कारण' असाही. आज्ञेचा ताआम म्हणजे आज्ञेमागचे कारण, आणि भाकरीचा ताआम म्हणजे तिची चव. तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तके) वाचताना जे स्वर लावतात त्यांनाही हाच शब्द आहे. त्यामुळे 'कारणाच्या पलीकडची इच्छा' असे हबादचे ग्रंथ म्हणतात, तेव्हा हिब्रू वाचकाच्या कानात 'चवीच्या पलीकडची' असाही ध्वनी उमटत असणार. मराठीत आपण 'त्यात काही राम नाही' म्हणतो किंवा 'बोलण्याला चव नाही' म्हणतो, तेव्हा अर्थ आणि चव आपणही थोडेसे एकत्र आणतोच. पण एका शब्दात दोन्ही बसवणे आपल्याला जमलेले नाही.

एक विचारते. सुखाने माणूस टवटवीत होतो हे आजीसुद्धा सांगेल. गूढवाद्यांच्या 'चैतन्य' या कल्पनेत त्याहून वेगळे काय आहे?


उंबरठा

वेगळेपण असे की तेथे चैतन्य ही उपमा नाही. 'हयुत' हा त्यासाठीचा शब्द, 'हाय' म्हणजे जिवंत यावरून आलेला. हसिदी विचारात प्रत्येक वस्तू, अगदी दगडसुद्धा, क्षणोक्षणी दैवी वाणीच्या अक्षरांनी अस्तित्वात ठेवला जातो. ती अक्षरे क्षणभर मागे घेतली तर दगड झिजणार नाही, तो जणू कधी नव्हताच असा होईल. 'तान्या'चा दुसरा भाग याच मुद्द्याने सुरू होतो. वस्तूतली ही जिवंत ठेवणारी शक्ती म्हणजे हयुत.

हसिदी चळवळीचे प्रवर्तक बाल शेम तोव (मृत्यू 1760) यांच्या नावावरील शिकवणीत हे अन्नापर्यंत आणलेले आहे. अन्नाची चव म्हणजे त्यातले हयुत. जे जिभेला रुचते ते अन्नाचे आतले अंग, आणि जे दातांखाली चावले जाते ते बाहेरचे. स्तोत्रसंहितेच्या 107व्या स्तोत्रात 'ते भुकेले व तान्हेले झाले, त्यांचा जीव त्यांच्यात व्याकूळ झाला' अशी ओळ आहे. बाल शेम तोव ती अशी वाचतात : भूक का लागते? कारण त्या अन्नात अडकलेल्या एका ठिणगीसाठी माणसाचा जीव आतून व्याकूळ झालेला असतो. पोटाची भूक हा त्या भुकेचा बाहेरचा वेष आहे. यामागे गालील प्रांतातील त्सफात (सफेद) या शहरातील इसहाक लुरिया (1534–1572) यांची शिकवण आहे. आरंभी दैवी प्रकाश धरणारी पात्रे फुटली, ठिणग्या वस्तूंत विखुरल्या आणि त्या वेचून परत वर नेणे हे माणसाचे काम, असे ते सांगत. लुरियांच्या शिष्यवर्गात मात्र हे वेचण्याचे काम पुष्कळदा उपवासांनी आणि देहदंडाने चाले. बाल शेम तोव यांनी आपले शिष्य पोलनोयचे याकोव योसेफ यांना अतिउपवास सोडण्याविषयी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ठिणगी तीच, पण ती वेचण्याचा मार्ग उपाशी राहणे नसून चव ओळखून खाणे हा झाला. माझ्या समजुतीप्रमाणे हसिदी चळवळीने केलेला खरा बदल हा आहे.


जुनीवही

'चव ओळखून खाणे' यावरून तालमुदातली एक गोष्ट आठवली. ती गित्तीन या प्रकरणात येते.

यरुशलेमला वेढा पडलेला असताना योहानान बेन झक्काय शहराबाहेर पडून रोमन सेनापती वेस्पासियन याला भेटतात. त्याच वेळी रोमहून निरोप येतो की कैसर मरण पावला असून वेस्पासियनला त्या पदावर बसवण्याचे ठरले आहे. त्याने एक जोडा घातलेला असतो. दुसरा घालू लागतो तर पाय आत जात नाही; पहिला काढू लागतो तर तो निघत नाही. योहानान सांगतात की घाबरू नकोस, तुला चांगली बातमी मिळाली आहे, आणि नीतिसूत्रे 15:30 मध्ये म्हटलेच आहे की चांगले वर्तमान हाडे पुष्ट करते. मग उपाय काय? तुझ्या मनातून उतरलेल्या एखाद्या माणसाला समोरून जाऊ दे, कारण त्याच पुस्तकात खचलेले मन हाडे सुकवते असेही म्हटले आहे. तसे केल्यावर जोडा पायात जातो.

गोष्ट विनोदी आहे आणि इतिहास म्हणून ती कोणी वाचू नये. पण सुखाने हाड वाढते आणि नावडत्या तोंडाने ते आटते, ही कल्पना गूढवाद्यांच्या फार आधीपासून तालमुदात आहे, एवढे यावरून दिसते. उंबरठा यांनी सांगितले की सुखाला स्वतःचा अवयव नाही. येथे ते थेट टाचेपर्यंत उतरले आहे.


तर्ककर्कश

गोष्ट सुंदर आहे. तरी माझी शंका फिटत नाही, उलट वाढते. चव हेच हयुत असेल, ठिणगी सुखात असेल, तर मग निषिद्ध सुखात ती नसते कशावरून? या वाटेने चालत गेलेली माणसे कोठे पोहोचली हे इतिहासात नोंदलेले आहे. शब्ताय त्स्वी (1626–1676) याने स्वतःला मशीहा म्हणवले, नियम मोडण्यालाच पुण्यकर्म ठरवले आणि 1666 मध्ये सुलतानासमोर इस्लाम स्वीकारला. त्याच्याही हातात अक्षरांचाच खेळ होता. रोजच्या प्रार्थनेत देवाला 'बद्धांना सोडवणारा' म्हटले जाते; ते शब्द एका स्वराच्या फरकाने त्याने 'निषिद्धांना मोकळीक देणारा' असे उच्चारले. आयिन जागचे हलवून व्याधीचे सुख करणारे प्रवचनकार आणि एक स्वर हलवून बंदीची मुभा करणारा शब्ताय यांच्यात फरक तो काय?


उंबरठा

हा या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि तो हसिदींनाही पहिल्या दिवसापासून विचारला गेला. 1772 मध्ये विल्ना येथे त्यांच्याविरुद्ध बहिष्काराचा आदेश निघाला. त्यामागे अनेक कारणे होती, परंतु शब्तायच्या प्रकरणाची पोळलेली आठवण हे त्यांतले एक महत्त्वाचे कारण होते.

हसिदींच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. पहिली व्यवहारातली आहे : त्यांनी नियम मोडले नाहीत. निषिद्ध अन्नातही ठिणगी असते, हे 'तान्या' नाकारत नाही. मात्र ती बांधलेली आहे, खाऊन सुटणारी नाही, आणि ती सुटते ती त्या अन्नाला नकार देण्याने. निषिद्ध यासाठीचा हिब्रू शब्द मुळात 'बांधलेले' असाच आहे आणि अनुमत यासाठीचा शब्द 'सुटलेले' असा. गंमत अशी की शब्तायची कोटी याच शब्दावर होती. त्याने बांधलेल्याला सुटलेले म्हटले. 'तान्या' सांगते की बांधलेले ते बांधलेलेच, आणि ते सोडवण्याची रीत वेगळी आहे.

दुसरी गोष्ट आतली आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. बाल शेम तोव यांच्या शिकवणीत सुख ही थांबण्याची जागा नाही. सौंदर्य पाहून मन खेचले गेले तर हे सौंदर्य यात आले कोठून, असे स्वतःला विचारावे, असे त्यांच्या नावावरील उपदेशसंग्रहात सांगितले आहे. वस्तूतली गोडी उगमाकडे वळवली की ती ओनेग होते. वस्तूतच कोंडली की नेगा होते. आयिन म्हणजे डोळा डोक्याशी असणे आणि शेपटाशी असणे यांचा अर्थ असा लावता येतो. शब्तायला मी या कसोटीवर नापास ठरवतो. तथापि प्रत्येक वेळी डोळा कोठे आहे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, हेही मला मान्य आहे, आणि त्यामुळेच नियमांचे कुंपण काढून टाकण्याची सोय या मार्गात राहत नाही.


पाटीपेन्सिल

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत 'आनंदापासूनच ही भूते जन्मतात, आनंदानेच जगतात' असे म्हटले आहे. मग हे तेच नव्हे काय?


उंबरठा

हा प्रश्न येणार याची खात्री होती. वाक्ये जवळची आहेत, यात शंका नाही. पण भृगू तपाने अन्न, प्राण, मन आणि विज्ञान ओलांडत आनंदापाशी पोहोचतो, तर हसिदी माणसाला पहिल्या पायरीवर, अन्नातच, थांबून चव घ्यायला सांगितले जाते. शिवाय येथे दुसरे कोणीतरी आहे. शब्बाथाचे सुख माणूस एकटा घेत नाही. त्याच्यामुळे देवाला सुख होते, आणि ते सुख पुन्हा खाली उतरते. वेदीवरील होमाच्या 'सुवासा'चा अर्थ जुन्या टीकाकारांनी असा दिला आहे : मी सांगितले आणि माझ्या इच्छेप्रमाणे झाले, याचे समाधान. त्यामुळे तुलना या धाग्यात वाढवू नये असे सुचवतो. तिला वेगळा धागा लागेल.

देवाच्या सुखासाठीचा खास शब्द मात्र सांगायलाच हवा. तो म्हणजे 'शाआशुआ'. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात प्रज्ञा म्हणते की मी दररोज त्याचा शाआशुआ होते. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात एफ्राईमला 'शाआशुआचे मूल' म्हटले आहे. मराठीत याला 'कौतुक' इतका जवळचा शब्द मला सापडलेला नाही, कारण जुन्या मराठीतल्या कौतुकात खेळही आहे आणि आजच्या कौतुकात लेकराकडे पाहणाऱ्या आईचा चेहराही आहे. इस्राएल सारुग यांनी लुरियांची शिकवण इटलीत आपल्या पद्धतीने मांडली. त्यांच्या मते जग होण्याआधी, अनंताने स्वतःला आक्रसून जागा करण्याच्याही आधी, जी पहिली हालचाल झाली ती अशी : अनंत स्वतःशीच कौतुकात रमला. त्या रमण्यातून जी लहर उठली तिच्यातून पुढे अक्षरे आली. 1648 मध्ये ॲमस्टरडॅम येथे छापलेल्या नफ्ताली बाखाराख यांच्या 'एमेक हामेलेख' या ग्रंथात हे विस्ताराने आले आहे.


रसना

म्हणजे तर्ककर्कश यांच्या पहिल्या प्रश्नाला हे आणखी जुने उत्तर झाले : इच्छेच्या आधी कौतुक.

पण मला वेगळे काही खटकते. ज्या सुखावर जग उभे आहे ते अखंड असायला हवे. मग माणसाला ते अखंड का मिळत नाही? उत्साह ओसरतो, प्रार्थनेत मन लागत नाही, शब्बाथ संपतो.


उंबरठा

त्यावर बाल शेम तोव यांचे एक वाक्य त्यांच्या शिष्यांच्या ग्रंथांत वारंवार येते : सततचे सुख हे सुख नव्हे. रोज पक्वान्न खाणाऱ्याला पक्वान्न लागत नाही. हे कोणीही सांगेल. त्यांनी मात्र ते संदेष्टा यहेज्केल याला झालेल्या देवाच्या रथाच्या दर्शनाशी जोडले. यहेज्केल 1:14 मध्ये रथाखालचे जिवंत प्राणी 'धावत व परतत' होते असे आहे. प्राणी यासाठीचा 'हयोत' हा शब्द आणि चैतन्य यासाठीचा 'हयुत' हा शब्द हिब्रूत एकाच अक्षरांनी लिहिला जातो. म्हणून ओळ अशी वाचली गेली की चैतन्यच धावते आणि परतते. ओहोटी हा सुखातला बिघाड नव्हे. परतणे नसेल तर धावणे उरणार नाही, जसे श्वास सोडला नाही तर पुढचा घेता येत नाही.

या परंपरेत यावरून पुढे मोठा वादही झाला. श्नेउर झाल्मन यांचे पुत्र दोव बेर (1773–1827) यांनी प्रार्थनेतील भावावेशावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तीत त्यांचा रोख असा आहे की जो आपल्या सुखाकडे पाहत राहतो तो देवात रमलेला नसून स्वतःत रमलेला असतो. त्यांच्या वडिलांचे दुसरे शिष्य, स्तारोसेल्येचे आहारोन, भावनेला अधिक मोकळी जागा देणारे होते, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. माझा कल आहारोन यांच्याकडे आहे. आपण सुखावलो आहोत हे कळूच नये, अशी अट घातली तर बीटच्या कालवणाचे काय करायचे?


जुनीवही

चर्चा इतकी गोड चालली असताना एक कडू नोंद करतो, पण ती विषयातलीच आहे. 'ओनेग शब्बाथ' हे नाव विसाव्या शतकात दोन ठिकाणी ठळकपणे आले. तेल अवीवमध्ये कवी बियालिक यांनी 1920च्या दशकात शनिवारी दुपारी व्याख्याने आणि गाणी यांचे मेळावे सुरू केले, त्यांना त्यांनी हे नाव दिले. आणि वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी यहुदींना कोंडलेल्या वस्तीत, इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांनी 1940 मध्ये जो गुप्त दप्तरखाना उभा केला त्याचे सांकेतिक नावही, यिद्दिश उच्चारात, 'ओयनेग शाबेस' असेच होते, कारण ती मंडळी शनिवारी भेटत. उपासमार, हद्दपारी आणि मृत्यू यांच्या नोंदी त्यांनी पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरल्या. त्यांतील एक भाग 1946 मध्ये आणि दुसरा 1950 मध्ये सापडला. दुसऱ्या भागात प्यासेच्नोचे हसिदी गुरू कालोनिमोस काल्मन शापिरा यांची घेट्टोत दिलेली प्रवचने होती. त्यांचा मुलगा सप्टेंबर 1939 च्या बॉम्बवर्षावात जखमी होऊन गेला होता. ते स्वतः 1943 मध्ये मारले गेले.

सुखावर जीव तगतो असे म्हणणाऱ्या परंपरेला या पेट्यांसमोर काय म्हणता येईल?


उंबरठा

मला काही म्हणता येत नाही, आणि कोणी चटकन म्हटले तर मी ते ऐकणार नाही. आयिन पालटण्याची कोटी तेथे उच्चारू नये, एवढे मात्र कळते.

एक गोष्ट मूळ संहितेतली म्हणून नोंदवतो. ज्या यशया 58 मध्ये शब्बाथाला ओनेग म्हणावे असे सांगितले आहे, तो अध्याय मुळात सुखाविषयी नाही. उपवास करून वर नोकरांना राबवून घेणाऱ्यांवर त्यात कोरडे ओढले आहेत. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा दे, निराश्रितांना घरात घे, हे सातव्या ओवीत येते, आणि ओनेग हा शब्द त्यानंतर सहा ओव्यांनी येतो. झोहरही सणाच्या दिवशी गरिबाला वाटा न देता सुख करणाऱ्याविषयी अत्यंत कठोर बोलतो. सुख खाली वाहते असे म्हटल्यावर ते माझ्यापाशी येऊन थांबले तर प्रवाह तुंबला, असेच म्हणावे लागेल.


समुद्रकाठ

मी आतापर्यंत केवळ वाचत होतो. आमचे घराणे रायगडातील बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचे, म्हणजे ज्यांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत त्यांचे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ते नाव. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. कबाला (यहुदी गूढवाद), सफिरोत हे शब्द आमच्या घरात कधी कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही, आणि आमच्या पूर्वजांवर गूढवादाचा मुलामा चढवावा असेही मला वाटत नाही. पण गावाने आम्हांला नाव दिले ते आम्ही काय करतो यावरून नव्हे, तर कोणत्या दिवशी करत नाही यावरून, हे झोहरच्या त्या सातव्या दिवसाच्या प्रश्नाजवळ ठेवून पाहावेसे वाटले.

मोठ्या माशांविषयी मात्र साक्ष देऊ शकतो. शुक्रवारी संध्याकाळी नारळाच्या दुधातले माशाचे कालवण असे. खवले आणि पंख असलेलाच मासा, कोलंबी घरात येत नसे. द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले सरबत असे आणि किद्दुश, म्हणजे शब्बाथाच्या आरंभीचा आशीर्वाद, त्यावर होई. लहानपणी मला शब्बाथाची चव म्हणजे त्या सरबताची चव असेच वाटे. ताआम या शब्दाचे दोन अर्थ वाचले तेव्हा मला ते आठवले.

शब्बाथ संपताना एलियाहू हन्नबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, गाणे म्हटले जाई. त्याच एलियाहूच्या नावाने आमच्यात मलिदा करतात : पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि वर फळे. एक विचारतो : शब्बाथ संपताना सुगंध हुंगण्याची जी रीत आहे, तिचा या ओनेगशी काही संबंध आहे काय?


उंबरठा

आपला प्रतिसाद वाचून धागा काढल्याचे सार्थक झाले.

होय, संबंध सरळ आहे. रेश लाकिश या तालमुदी विद्वानांचे म्हणणे असे की शब्बाथाच्या आरंभी माणसाला एक अधिकचा जीव दिला जातो आणि शब्बाथ संपताना तो काढून घेतला जातो. निर्गम 31:17 मध्ये देवाने विसावा घेतला याला 'वायिन्नाफाश' असा शब्द आहे. त्यांनी तो फोडून 'वाय, नेफेश!' म्हणजे 'हाय, जीव गेला!' असा वाचला. विसाव्याच्या शब्दातच विरहाचा उद्गार दडलेला आहे. राशी या टीकाकारांनी या अधिकच्या जीवाचे वर्णन मनाची ऐसपैस मोकळीक असे केले आहे : माणूस खातो, पितो आणि त्याला जड होत नाही. तो जीव निघून जातो तेव्हा उरलेल्या जीवाला धीर देण्यासाठी लवंग-दालचिनीसारखा सुगंध हुंगतात. सुगंधच का, याचे उत्तरही तालमुदात आहे : ज्याचे सुख देहाला न होता केवळ जीवाला होते अशी गोष्ट कोणती, तर ती वास.


रसना

आणि त्यानंतर लगेच पुन्हा जेवण! शब्बाथ ही राणी, तिला वेशीपर्यंत पोहोचवायला म्हणून शनिवारी रात्री जे चौथे जेवण करतात त्याला 'मेलावे मल्का' म्हणतात. जुनीवही यांच्या हाडाच्या गोष्टीला जोड म्हणून सांगते. परंपरेत 'लूझ' नावाचे एक लहानसे हाड मानले आहे. सारा देह मातीत गेला तरी ते नष्ट होत नाही आणि पुनरुत्थानाच्या वेळी देह त्याच्यापासून पुन्हा उभा राहतो. या हाडाला आठवडाभरातल्या कोणत्याही जेवणाचे पोषण मिळत नाही. ते पोसले जाते फक्त या शनिवार रात्रीच्या जेवणावर. आदामाने निषिद्ध फळ खाल्ले तो शुक्रवार होता, म्हणून त्या फळाचा अंशही या हाडाला लागला नाही, आणि म्हणून त्याला मरणही लागू नाही, असे सांगतात.

या जेवणाला थाट नसतो. पोटे भरलेली असतात, दिवा विझलेला असतो, कामाचा आठवडा दारात उभा असतो. तरीही गरम भाकरीचा निदान एक तुकडा आणि ताजे काही गरम प्यायला घ्यावे, असा संकेत आहे.


समुद्रकाठ

आमच्याकडे शनिवारी रात्री आजी चुलीवर पहिल्यांदा चहा ठेवत असे. त्याला काही नाव नव्हते.